पाकीट पोचलं नाही

२ ऑगस्ट

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

माझं पत्र बघून चमकला असाल. हे गेले तेव्हा तुम्ही आठ दिवस येऊन राहिलात, आणि बसमध्ये चढताना म्हणालात की वहिनी, काही लागलं तर कळवा. दीड वर्ष काही लागलं नाही. आता लागलंय, आणि तेही नेमकं तुमच्याच खात्यातलं. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर आपण दोघी नुसतं हं-हं करतो आणि ठेवून देतो.

तुम्हाला माहीतच आहे, ह्यांच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या कोटांचं दुखणं एकच असायचं. एक बटण हरवलेलं. जुळणारं मिळायचं नाही, मग हे सगळीच बटणं बदलायचे आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जायचं. म्हणून शेवटच्या दोन वर्षांत मी चिनी मातीची बटणं करायला लागले. उरलेलं बटण समोर ठेवायचं आणि त्याचं भावंड घडवायचं. हे म्हणायचे की एका बटणापायी चार दिवस खपणारी बाई जगात एकच असेल, आणि ती बरोब्बर माझ्या वाट्याला आली.

दुकान गेलं, पण मागच्या खोलीतली विजेची छोटी भट्टी राहिली. ह्यांच्या ओळखीचे टेलर गावोगाव माझा पत्ता देतात. लोक पत्रात एक बटण घालून पाठवतात, सोबत त्या कोटाची सगळी कुळकथा. आठवड्याला दहा-बारा पाकिटं जातात. आणि इथेच घोडं अडलंय. पोस्टाच्या खिडकीतली बाई विचारते, साधं, रजिस्टर की तातडीचं? मागे रांग चुळबुळत असते. मी घाबरून काहीतरी बोलते. कधी दोन दिवसांत पोचतं, कधी फुटून पोचतं. तातडीचं करावं तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात कोपऱ्यावर नवीन कुरियरवाला बसलाय, तो रोज हाक मारतो.

तेव्हा शहाण्या माणसासारखा सल्ला द्या. तब्येतीचं लिहा. जेवता ना वेळेवर?

लोभ आहेच, तो या कामाच्या पत्रानेही वाढावा.

तुमची,
वहिनी


७ ऑगस्ट

प्रिय वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. चौतीस वर्षं मी त्या खिडकीमागे बसले, पण खिडकी सुटल्यापासून तिकीट कुठल्या कोपऱ्यात चिकटवायचं एवढंसुद्धा मला कुणी विचारलेलं नाही. तेव्हा आता सोसा.

साधं टपाल सगळ्यांत स्वस्त, आणि रस्ता संपतो त्याच्याही पुढे जाणारं. त्याची नोंद नसते एवढाच दोष. फुटतं म्हणता, पण ते पोस्टमनच्या हातून फुटत नाही. शिक्के मारण्याचं यंत्र असतं, त्यात दोन रुळांमधून पाकीट जातं. तुमच्या बटणाचं तिथे पीठ होतं. उपाय सोपा आहे. जाड पुठ्ठ्याला बटणाच्या मापाचं भोक पाडायचं, बटण त्यात बसवायचं, वरून-खालून एकेक पुठ्ठा. आणि पाकिटावर ठळक अक्षरांत लिहायचं, ‘हाताने शिक्का मारावा’. मी खिडकीत असताना असं पाकीट कधी यंत्रात जाऊ दिलं नाही.

रजिस्टर हळू चालतं, पण हातातून हातात, सहीवर जातं. हरवत नाही. पोस्टमनला जिने चढून सही घ्यायला यावंच लागतं. तातडीचं शहरातून शहरात पळतं, खेड्यात मात्र त्यालाही साध्या टपालाच्याच बसची वाट बघावी लागते. कुरियरबद्दल मला विचारू नका. सवतीबद्दल कुणी चांगलं बोललंय का?

पण माझं ज्ञान तीन वर्षं जुनं झालंय. म्हणून असं करा. एकाच दिवशी, एकाच वेळी चारही मार्गांनी चार पाकिटं माझ्या पत्त्यावर पाठवा. बटणं टाकाऊ घाला. कुठलं कधी आलं आणि कशा अवस्थेत आलं, ते मी तुम्हाला रीतसर कळवीन. वजनकाटा माझ्याकडे आहे.

जेवणाचं विचारलंत. एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे करेपर्यंत भूक मरते. पण जेवते.

चूकभूल पदरात घ्यावी, आणि पाकिटं पाठवावीत.

आपली,
वन्सं


१६ ऑगस्ट

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

आज सकाळी साडेदहाला चारही पाकिटं रवाना केली. पुठ्ठ्याची युक्ती इतकी साधी आहे की मला माझाच राग आला. प्रत्येक पाकिटात चार बटणं आहेत, काही वाकडी, काही भट्टीत डाग पडलेली. खिडकीतल्या बाईने एकच नाव तीन पाकिटांवर वाचलं आणि विचारलं, हे कोण? मी म्हटलं की माझ्या नणंदबाई, तुमच्याच खात्यातल्या. त्यावर ती खुर्चीत नीट सरसावून बसली.

नुसती बटणं घालणं बरं वाटेना, म्हणून प्रत्येकात एक चिठ्ठी टाकलीय. त्यात काही विशेष नाही. दिवसभरात जे मनात आलं ते. कात्री धरताना ह्यांचा अंगठा कसा वळायचा, ते एकीत आहे. अशा गोष्टी इथे सांगायच्या कुणाला? शेजारीपाजारी ऐकतात, पण त्यांना अंगठा कुठे माहीत होता?

तुमच्या रीतसर अहवालाची वाट बघते. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
वहिनी


२६ ऑगस्ट

प्रिय वहिनींस,
सा. न. वि. वि.

अहवाल पुढीलप्रमाणे. कुरियर दुसऱ्याच दिवशी दुपारी आलं, बटणं शाबूत. आणणारा माणूस पाकीट दारात टेकवून, बेल वाजवून, मी दार उघडेपर्यंत खाली पोचलाही होता. तातडीचं दोन दिवसांनी. रजिस्टरला नऊ दिवस लागले. साधं सहा दिवसांनी आलं, पण चारातली दोन बटणं फुटलेली होती.

एवढ्यावरून निकाल देणं मात्र खात्याच्या शिस्तीत बसत नाही. एकदा आलं म्हणजे तसंच नेहमी येईल असं नाही. निदान आणखी दोन फेऱ्या व्हायला हव्यात. साधं आणि रजिस्टर मुद्दाम पुन्हा बघायला हवं.

रजिस्टर घेऊन आला तो पोस्टमन माझ्या वेळी नवा होता. आता त्याचा गुडघा गेलाय. दोन जिने चढून आल्यावर खुर्चीवर बसला, पाणी प्याला, मुलीच्या परीक्षेचं सांगत होता. एरवी त्याला वर येण्याचं कारण पडत नाही. खाली सगळ्यांच्या पेट्या आहेत, माझी डावीकडून तिसरी, तिच्यात विजेचं बिल येतं.

अंगठ्याची चिठ्ठी चारदा वाचली. दादाचा अंगठा तसा लहानपणापासूनच होता. आई म्हणायची की हा अंगठा दाखवतो तेव्हा कुणाला दाखवतोय तेच कळत नाही.

पुढच्या पाकिटांतही चिठ्ठ्या असाव्यात. वजन खऱ्या पाकिटाइतकं भरतं, म्हणून सांगते.

स्नेहात खंड नसावा.

आपली,
वन्सं


१२ ऑक्टोबर

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. तीन फेऱ्या झाल्या, आणि मी होते त्याहून जास्त गोंधळले. दुसऱ्या फेरीत साध्या टपालातली तीन बटणं फुटली म्हणता, तिसऱ्या फेरीचं साधं पाकीट पोचलंच नाही, आणि रजिस्टरला दर वेळी नऊ-दहा दिवस. मी हे खिडकीतल्या बाईला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. ती म्हणाली की तुमचं प्रत्येक पाकीट मी स्वतः हाताने शिक्का मारून थैलीत टाकलंय. मी म्हटलं, पुढे काय होतं ते माझ्या नणंदेला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

आता खरी गोष्ट. परवा एका शाळेतल्या बाईंचं पत्र आलं. डोंगरावरचं शेवटचं गाव आहे त्यांचं. आई म्हातारी, दृष्टी पूर्ण गेलेली, खालच्या शहरात इस्पितळात आहे. रोज शाळा सुटली की मुलगी बसने खाली जाते. आईचा एक निळा स्वेटर आहे. त्याच्या बटणांना कडेने खाच होती, त्या खाचेवरून बोट फिरवून ती माउली आपली आपण बटणं लावायची. स्वेटर धुलाईला टाकला तो बटणं तुटून परत आला. दुकानातली गुळगुळीत बटणं लावली तर तिच्या बोटांना ती ओळखताच येईनात. तिने तो स्वेटर भिरकावून दिला. म्हणाली की हा माझा नाही. उरलेलं एक बटण बाईंनी मला पाठवलंय आणि पाच मागितलीत.

मी तीन वेळा भट्टी लावली. डोळे मिटून, खाचेवर बोट फिरवून, जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते मलाच कळेना, तेव्हा थांबले. ही बटणं फुटून चालणार नाहीत, हरवून तर नाहीच नाही. तुमच्या तिन्ही फेऱ्यांत एक कुरियरच तेवढं सरळ वागलंय. कोपऱ्यावरचा म्हणतो की तीन दिवसांत कुठेही. तेव्हा सवत तर सवत. दोन-चार दिवसांत त्याच्याकडे देते.

तुमच्या तिसऱ्या फेरीत मी लिहिलेली चिठ्ठी हरवली याची मात्र चुटपुट लागलीय. ती परत तशी लिहिता येणार नाही.

लोभाची उजळणी पत्राने व्हावी.

तुमची,
वहिनी


१६ ऑक्टोबर

प्रिय वहिनींस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. त्या बाईंचं पाकीट कुरियरने देऊ नका. साध्या टपालाने द्या, किंवा फारच धाकधूक वाटली तर रजिस्टरने. डोंगरावर टपालाची थैली रोज जाते. मी आधी जे लिहिलं होतं त्यावर जाऊ नका. का ते विचारू नका, पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

पत्र उशिरा पोचलं असं होऊ नये एवढंच मागणं.

आपली,
वन्सं


३ नोव्हेंबर

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं घाईचं पत्र आलं तेव्हा पाकीट निघून पाच दिवस झाले होते. आणि आधी साधं फुटतं, रजिस्टर रखडतं म्हणून लिहायचं, आणि मग एका ओळीत त्याच्या उलट, हे मला काही समजलं नाही. पुढचं सविस्तर पत्रही आलं नाही.

काय झालं ते सांगते. कुरियरची गाडी डोंगरावर जातच नाही. पाकीट खालच्या शहरातल्या त्यांच्या गोदामात जाऊन पडलं. गिऱ्हाइकाने येऊन घेऊन जायचं असा त्यांचा नियम, पण गिऱ्हाइकाला कळवायचं कुणी, याचा नियम नाही. मी कोपऱ्यावरच्याला चार वेळा विचारलं, चारही वेळा तो म्हणाला की पोचलंय. त्याच्या लेखी गोदामात पोचलं म्हणजे पोचलं. आणि ते गोदाम, वन्सं, इस्पितळापासून चार रस्ते पलीकडे आहे. ती बाई रोज त्याच्यावरून जात होती.

पंचवीस तारखेला त्यांची आई गेली. अंगात इस्पितळाचाच झगा असणार. काल मला कार्ड आलं. दोनच ओळी आहेत. बटणं आता नकोत, आई पंचवीसला गेली. तुम्ही केलेल्या कष्टांबद्दल आभारी आहे.

आभारी आहे, ही ओळ वाचून मी भट्टीच्या खोलीचं दार लावून घेतलं. आज सकाळी पाकीट परत आलं. पाचही बटणं धडधाकट, आणि सोबत घातलेलं ते नमुन्याचं जुनं.

मी दोन दिवसांत कुणाशी बोललेले नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं.

तुमची,
वहिनी


८ नोव्हेंबर

वहिनी,

मायना लिहायचं धाडस होत नाही.

एकही बटण फुटलं नव्हतं. तिन्ही फेऱ्यांतलं साधं टपाल तिसऱ्या दिवशी माझ्या पेटीत होतं. रजिस्टर पाचव्या. तुमच्या खिडकीतल्या बाईचा हातशिक्का इतका नेटका होता की मी तो भिंगाखाली धरून बघितला. हरवलं म्हणून लिहिलं ते पाकीट माझ्या उशाशी आहे. त्यातली चिठ्ठी हरवलेली नाही. दादा शेवटी शेवटी शर्टाची बटणं लावून घ्यायला तुमच्यासमोर उभा राहायचा आणि तुम्ही दोघं काही बोलत नसायचात, ती चिठ्ठी.

पहिल्या फेरीनंतर तुम्हाला उत्तर मिळालं असतं. साध्याने पाठवा, पुठ्ठा घाला, संपलं. मग तुम्ही मला कशाला लिहिलं असतं? मी तेवढाच विचार केला. त्या आठवड्यात माझ्या दाराची बेल दोनदा वाजली होती. तीन वर्षांत असा आठवडा आला नव्हता. पोस्टमन खुर्चीत बसला होता. मला वाटलं की आणखी एकच फेरी. मग आणखी एक. आपल्याच खात्याची बदनामी मी माझ्या हाताने केली, ज्या खात्याविरुद्ध कुणी एक शब्द काढला तर मी खिडकीबाहेर मान काढून भांडत असे.

तुमचं त्या बाईंबद्दलचं पत्र आलं तेव्हाच मी फोन उचलायला हवा होता. उचलला होता. तुमचा आवाज येईल आणि मला सांगावं लागेल, म्हणून खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं, तेही खरं कारण न सांगता. एका फोनचं काम होतं.

तुम्हाला माफ करा म्हणायची माझी लायकी नाही. एक मागते. परत आलेलं पाकीट माझ्याकडे पाठवा आणि त्या बाईंचा पत्ता द्या.

वन्सं


१६ नोव्हेंबर

वन्सं,

पाकीट सोबत पाठवतेय. साध्या टपालाने. पत्ता त्याच्यावरच आहे.

तू एकटी होतीस. मग मी काय मेळ्यात बसले होते? एका कार्डावर चार शब्द लिहायचे होते, वहिनी, मला करमत नाही. मी तुला रोज पाकीट पाठवलं असतं. तुझी पत्रं तीन दिवसांत माझ्या हातात पडत होती, तीही साध्या टपालाने, आणि तू मला साधं टपाल पोचत नाही म्हणून लिहीत होतीस. मलाही ते दिसलं नाही, कारण तू आणि खोटं बोलशील हे माझ्या मनातच आलं नाही. ती खिडकीतली बाई खरं बोलत होती, आणि मी तिला चार माणसांत खोटं ठरवलं.

तुला आजवर अहो-जाहो केलं. आज ते हातून उतरत नाहीये.

लिहू नकोस इतक्यात.


८ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तुम्ही लिहू नका म्हणालात, तरी हे कळवणं भाग आहे. तीन आठवडे घराबाहेर पडायचा धीर झाला नाही. परवा त्या गावाला जाऊन आले.

खालच्या शहरापर्यंत मोठी बस, तिथून पुढे डोंगरावर जाणारी शेवटची. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर टपालाची थैली ठेवलेली होती, तोंडाला दोरी बांधलेली. मी वाटभर तिच्या शेजारी बसून गेले. गाव म्हणजे पन्नास-साठ घरं. किराणा दुकानातच पोस्ट आहे, दुकानदाराने थैली उतरवून घेतली आणि दहा मिनिटांत बटवडा करून मोकळा झाला.

शाळा सुटेपर्यंत मी फाटकाशी उभी राहिले. बाई चाळिशीच्या असतील, बोटांना खडू लागलेला. मी कोण ते सांगितलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसून सांगितलं असतं तर कुठेतरी सारवासारव केली असती. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर एवढंच विचारलं की साध्या टपालाने किती दिवस लागले असते. मी म्हटलं, चार. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या की म्हणजे आईला तो एक आठवडा मिळाला असता. माझ्यासाठी म्हणून त्यांनी त्यातला एक दिवसही कमी केला नाही.

मला वाटलं होतं की जा म्हणतील. पण म्हणाल्या, परतीची बस दोन तासांनी आहे, इथे थंडीत कुठे उभ्या राहाल. घरी नेलं. दोन खोल्या. आईची खाट अजून तशीच आहे, उशीसुद्धा. शेवटचे दिवस आईचे हात सारखे छातीवर चाचपत असायचे, त्या म्हणाल्या. नर्सला वाटायचं की दुखतंय, आणि ती औषध द्यायची. मुलीला माहीत होतं की ती बटणं शोधतेय.

त्यांनी स्वेटर काढून आणला. बटणांचं पाकीट मी टेबलावर ठेवलं होतं, ते उघडलं, आणि सुईदोरा माझ्यापुढे केला. मला दोरा ओवता येईना, तो त्यांनीच ओवून दिला. तीन बटणं मी लावली, दोन त्यांनी. जुनं उरलेलं सगळ्यात वर. मग त्यांनी तो अंगात घातला. खांद्याला ओढत होता, बाह्या आखूड होत्या. तरी काढला नाही. तसाच घालून मला बसपर्यंत पोचवायला आल्या.

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी मागितलंही नाही. तुमच्यासाठी निरोप दिलाय. डोळे मिटून सहाही बटणांवरून बोट फिरवलं, नवी-जुनी ओळखू आली नाहीत.

एवढं तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं.

वन्सं


१९ डिसेंबर

प्रिय वन्सं,

निरोप पोचला. वाचून रडले, मग खूप वेळाने पोटभर जेवले.

माझा राग गेलेला नाही. गेला असं लिहिलं तर तेही खोटंच होईल, आणि खोट्याचा आपल्या घरातला साठा आता पुरे झाला. तो आपल्या गतीने जाईल. रागाच्या भरात तुला अगं-तुगं केलं, ते मात्र मागे घेणार नाही. चाळीस वर्षं अहो-अहो करून आपण एकमेकींना काय सांगितलं? तूही मला आता तू म्हण.

इकडे येऊन राहा असं मी म्हणत नाहीये. दोघी एका स्वयंपाकघरात चार दिवस टिकणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. खिडकीतल्या बाईची मी माफी मागितली. रांगेत, सगळ्यांसमोर, जशी चूक केली होती तशीच. ती म्हणाली की पुढचं पाकीट द्या. बारा होती, सगळी साध्याने गेली.

तू पत्र लिही. दर आठवड्याला लिही. पण एक अट आहे. त्यात काही काम नको, चौकशी नको, अहवाल नको. लिहायला काही नसेल तर ते काही नाही ते लिही. मीही तसंच लिहीन. हे बघ, आज भट्टी बंद आहे आणि मी मोजे रफू करतेय. झालं की नाही पत्र?

बाकी जसं आहे तसं आहे, आणि आहे एवढं खरं.

तुझी,
वहिनी


३ जानेवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

तू म्हणायला जीभ अडखळतेय, पण कागदावर जमतंय.

कारण नसताना पत्र लिहायचं म्हणजे फार कठीण काम. दोन दिवस कागद समोर ठेवून बसले होते. चौतीस वर्षं मी लोकांची पत्रं हाताळली, आत लोक काय लिहीत असतील याचा मी कधी विचारच केला नाही. मला वाटायचं की सगळ्यांना काहीतरी कळवायचं असतं.

तर माझ्याकडे कळवायला काही नाही. सकाळी पाव आणला, अर्धा उरलाय. खिडकीच्या फटीतून वारा येत होता म्हणून तिथे कागद चिकटवला.

काल दुपारी जिन्यात पाय घसरला. पडले नाही, कठडा हाताला लागला, गुडघा तेवढा आपटला. पण घसरताना तोंडातून हाक निघाली, दादा, अशी मोठ्याने. लहानपणी निघायची तशी. वरच्या मजल्यावर गेल्या वर्षी एक बाई राहायला आल्यात, आजवर आम्ही फक्त मान हलवत होतो. त्या दार उघडून बाहेर आल्या आणि विचारलं, कुणाला हाक मारलीत? मी म्हटलं, माझ्या भावाला. त्यांनी विचारलं की इथेच असतात का ते. मी हो म्हणणार होते, वहिनी. ते अगदी ओठांवर आलं होतं. मग म्हटलं, नाही, तो दोन वर्षांपूर्वी गेला, आणि मी इथे एकटीच असते.

हे मी मोठ्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, आत या, गुडघा बघू. आत गेले. खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांनी मला जागा करून दिली. चहा करणार होत्या, पण दूध नासलं होतं. त्याबद्दल त्या इतक्या ओशाळल्या की मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

मी तरी बराच वेळ बसले.

तुझी,
वन्सं